विंगेतला बाप

नाटकाला जेमतेम तास उरला आणि नाटकातल्या बापाचा आवाज बसला. नुसता घोगरा झाला असता तर कसंबसं निभावलं असतं, पण पार बसला. हा बाप एरवी दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना "आ करा" म्हणायचा. आज त्याने स्वतः आ केला, तर आतून नुसती हवा आली.

नाटक धाकटीने लिहिलं होतं; नाट्यमंडळातही सगळे तिला घरच्यासारखं धाकटीच म्हणत. एक मुलगी आपल्या मैत्रिणीला घरी आणते, आम्ही दोघी जन्मभर एकत्र राहणार म्हणते, आणि बाप तिला दार दाखवतो. पुढचे दोन अंक बापाला पाघळवण्यात जातात. लोकांनी अशा मुलींना समजून घ्यावं, कायद्यानेही घ्यावं, म्हणून मंडळाने ते बसवलं होतं आणि खेळानंतर चर्चाही ठेवली होती. धाकटीच्या मनात मात्र आणखी एक बेत होता. नाटकातली मुलगी म्हणजे ती स्वतः, आणि मैत्रीण म्हणजे मंडळाची लाइटवाली. बाबांना हे तोंडाने सांगायचा धीर होत नव्हता. म्हणून त्यांना तिसऱ्या रांगेत बसवायचं आणि पडद्याआडून त्यांचा चेहरा बघायचा, एवढंच तिने ठरवलं होतं. बाबा काय म्हणतील, या एका प्रश्नाने तिची झोप उडवली होती.

बाबा आत्ता रंगमंचावरच होते. नाटकातल्या बापाला बसायला म्हणून घरची वेताची खुर्ची आणलेली, आणि लोक ती नीट हाताळतात की नाही हे बघायला खुर्चीमागोमाग तेही आले होते.

"अहो, यांचा आवाज आहे की," दिग्दर्शिका म्हणाली.

आवाज होता खरा. बाबांची सगळी नोकरी बसस्थानकावर सूचना देण्यात गेली होती. प्रत्येक सूचना दोनदा, आणि कागदावर असेल तेवढीच. एकदा गाडी डोळ्यांसमोर चाक काढून ठेवलेली, तरी कागदावर आहे म्हणून ती वेळेवर सुटत असल्याचं बाबांनी दोनदा सांगितलं. प्रवासी अंगावर धावून आले, तेव्हा त्यांनी शांतपणे कागद पुढे केला होता.

ठरलं असं की डॉक्टरने नुसतं तोंड हलवायचं आणि बाबांनी विंगेत बसून माइकवर संवाद वाचायचे.

"बाबा, तुम्हाला नाही जमायचं," धाकटी घाईघाईने म्हणाली.

"वाचायचंच आहे ना? त्यात न जमायला काय झालं? तू बॅटरी तेवढी धर."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. लांबून बघायचा तो चेहरा आता वीतभर अंतरावर होता, वर हातात बॅटरी. फक्त आता धाकटीला बघायचा धीर होईना.

पडदा उघडला. "चहा झाला का?" बाबांचा आवाज घुमला. मग सवयीने पुन्हा, "चहा झाला का?" डॉक्टरला दोनदा तोंड हलवावं लागलं, आणि नाटकातली आई पदरचं म्हणाली, "ऐकलं हो, आणते." प्रेक्षक हसले.

मग ती मुलगी आली, मैत्रिणीचा हात धरून जे सांगायचं ते सांगून मोकळी झाली. बाबांनी पुढची ओळ आधी मनात वाचली. या घरात तुला जागा नाही, चालती हो. धाकटीने बॅटरी हळूच कागदावरून वर नेली. बाबांच्या भुवया एकमेकींना भिडल्या होत्या. तिकडे डॉक्टर दाराकडे बोट दाखवून, तोंड उघडून खोळंबला होता.

"उभ्या का?" बाबा माइकमध्ये म्हणाले. "आधी जेवून घ्या. दोघीही."

डॉक्टरने दाराकडचं बोट तसंच फिरवून जेवणाच्या टेबलाकडे नेलं. मुलीने पाठ केलेलं सोडलं नाही. ती धाडकन पायांवर कोसळली. "बाबा, मला घराबाहेर काढू नका हो."

"कोण काढतंय? ऊठ, कपडे मळतील."

समोरच्या विंगेत दिग्दर्शिका दोन्ही हातांनी कपाळ बडवत होती.

"बाबा, कागदावर आहे ते वाचा ना," धाकटी त्यांच्या कानाशी कुजबुजली.

"कागदावर चूक आहे."

हेही माइकमधून गेलं. डॉक्टरने इमानाने तोंड हलवलं आणि काहीतरी करायला हवं म्हणून हातातलं वर्तमानपत्र फेकून दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता राहिलं मैत्रिणीचं भाषण. बापाचा विरोध संपला होता, पण एवढं घोकलेलं ती वाया थोडीच घालवणार? आम्हालाही घर मांडायचा हक्क आहे, दवाखान्यात एकमेकींच्या उशाशी बसायचा हक्क आहे, असं तिने एका दमात सगळं म्हणून टाकलं.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "पण मला कशाला सांगतेस? नाही म्हणणाऱ्यांना सांग."

डॉक्टरने नेमका प्रेक्षकांकडे हात केला. टाळ्या सुरू झाल्या आणि पडदा पाडण्यावाचून इलाज राहिला नाही. मध्यंतराच्या चहासाठी चहावाल्याने अजून शेगडीही पेटवली नव्हती. चर्चेत एक गृहस्थ उठून म्हणाले, "असे बाप असतात का कुठे?" डॉक्टरने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि आवाज बसल्याचं आठवून नुसतं विंगेकडे बोट दाखवलं.

सभागृह रिकामं झालं. लाइटवाली वायर गुंडाळत होती, बाबा खुर्ची पुसत होते. धाकटीला आनंदाने भरून आलं होतं. "बाबा, तुम्हाला कळलं होतं ना सगळं?"

"काय कळायचंय?"

"मग वाक्य का बदललंत?"

"पुढे आपले सगळे शेजारी बसले होते. खुर्ची आपली, आवाज माझा. पोरीला हाकलणारा माणूस म्हणून उद्यापासून माझ्याकडे बघितलं असतं त्यांनी. आणि खरं सांगू? ते वाक्य तोंडातून निघेचना."

म्हणजे बाबांना काही म्हणजे काहीच कळलं नव्हतं. धाकटीला हसावं की रडावं ते समजेना. एवढं नाटक केलं, आणि शेवटी तोंडानेच सांगायची वेळ आली. तिने लाइटवालीकडे पाहिलं. लाइटवालीने वायर खाली ठेवली.

"बाबा, ती मुलगी मी आहे. आणि ती मैत्रीण, ही."

फडकं थांबलं. बाबांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि आळीपाळीने दोघींकडे पाहिलं. आता सगळे दिवे लागलेले होते, पण धाकटीची नजर खुर्चीवरून हलेना. तिला भयंकर भीती वाटत होती.

"आधी जेवून घ्या," बाबा सावकाश म्हणाले. "दोघीही."

"हे तर मघाशीच म्हणालात तुम्ही," धाकटी म्हणाली.

"सूचना दोनदा द्यायची असते. पहिल्या वेळी मी स्वतःच नीट ऐकली नव्हती." मग ते लाइटवालीकडे वळले. "तू ती बाजू धर गं खुर्चीची. आणि जपून. घरची आहे."