थेरॉनला बाप मिळतो

एका जंगलात एक झरा होता आणि झऱ्यापाशी एक अजगर राहत होता. जंगल आपल्याकडचं नव्हे हं, मुलांनो. पार तिकडे ग्रीस देशातलं. काळ असा, की देव डोंगरावर राहायचे आणि कंटाळा आला की खाली फिरायला यायचे.

अजगराला तोंडं तीन, पोट मात्र एकच. त्यामुळे जेवताना भांडणं फार. कोणी पाणी भरायला गेलं, की तिन्ही तोंडं त्याच्यावर एकदम तुटून पडत.

जंगलाच्या कडेला ड्रिओपी नावाचं गाव होतं. तिथल्या बायकांना पाण्यासाठी डोंगरापलीकडे जावं लागे. येताना अर्धी घागर हिंदकळून सांडे. उरलेल्या अर्धीतलं निम्मं वाटेत तहान लागली म्हणून संपे.

गावात एक वीरमंडळ होतं. मंडळात वीर एकही नव्हता. कोणाला वीर म्हणायचं आणि कोणाला नाही, एवढंच मंडळ ठरवत असे. फिलार्कोस हे त्याचे अध्यक्ष. दाढी छातीपर्यंत आणि पोट दाढीच्याही पुढे. अजगर शांत राहावा म्हणून गाव दर आठवड्याला एक बकरा देई आणि मंडळ तो स्वतः जंगलात पोचवून येई. परत येताना सगळे ढेकर देत येत. अजगर मात्र दिवसेंदिवस वाळत चालला होता. हे कसं, असं विचारू नका. मोठ्यांच्या गोष्टीत असं विचारत नसतात.

याच गावात किट्टोस नावाचा कुंभार राहायचा. त्याची बायको मेलिट्टा आणि त्यांचा तरणाताठा मुलगा थेरॉन. थेरॉनचं नाक बापासारखंच बसकं. चालही तीच. किट्टोसला याचा भारी अभिमान. तो म्हणायचा, "मडकी काय, कोणालाही जमतात. असा पोरगा मला एकट्यालाच जमला."

एकदा डोंगर उतरताना मेलिट्टाचा पाय मुरगळला. घागर फुटली. ती लंगडत रिकाम्या हाताने घरी आली, तेव्हा थेरॉनचं डोकं फिरलं.

"बाबा, तीन रांजण करू या. पोट मोठं, तोंड अरुंद."

बापलेकांनी रांजण घडवले, भाजले, आत मांस टाकलं आणि झऱ्याशी नेऊन ठेवले. अजगराची तिन्ही तोंडं हावरटासारखी तीन रांजणांत शिरली. मांस गिळलं, गळे फुगले आणि तोंडं काही बाहेर येईनात. मग थेरॉनने मडकी थापायची लाकडी थापी उचलली आणि अजगराला बदड बदड बदडलं.

अजगर मेला. मेला म्हणजे अगदी मेला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर माशा बसल्या.

गाव नाचायला लागलं. वीरमंडळही धावत आलं.

"कोणी मारला?" फिलार्कोसांनी विचारलं.

"मी," थेरॉन म्हणाला.

"वा! वडील कोण?"

"हे काय, हे उभे आहेत. किट्टोस."

"ते झालं रे. खरे वडील कोण? कुठला देव?"

"देव नाही हो. कुंभार."

मंडळाने एकमेकांकडे पाहिलं. नियम जुना होता. ज्याचा बाप देव, तोच वीर. आणि राक्षसी जनावर मारावं ते वीरानेच.

"म्हणजे हा वीर नाही," फिलार्कोस म्हणाले. "म्हणजे याने अजगर मारलेला नाही. म्हणजे अजगर जिवंत आहे."

"अहो, त्याच्यावर माशा बसल्यात!"

"माशांना नियम माहीत नसतात."

झऱ्याच्या वाटेवर आडवा दोर बांधला गेला. बकरा चालूच राहिला.

पण बायका काही ऐकेनात. रिकाम्या घागरी घेऊन त्या फिलार्कोसांच्या दारात बसल्या आणि घागरी बडवायला लागल्या. दुपारची झोप गेली तशी अध्यक्षांना तोड सुचली. ते मंडळाला घेऊन मेलिट्टाकडे गेले.

"बाई, जरा आठवा. थेरॉन व्हायच्या आदल्या वर्षी घरी कोणी आलं होतं? देव वेषांतर करून येतात. हंस आला होता का?"

"नाही."

"गरुड? सोन्याचा पाऊस?"

"साधा पाऊस आला होता. छप्पर गळलं."

"एखादा बैल?"

"बैल आला होता की! शेजारच्या ल्यूकोनचा. परसातला सगळा कोबी खाऊन गेला मेला."

फिलार्कोस ताडकन उठले आणि त्यांनी हात जोडले. "बाई, तो ल्यूकोनचा बैल नव्हता. तो देवांचा राजा झ्यूस होता."

"मग झ्यूसने माझ्या अंगणात शेण टाकलं होतं, तेही लिहा."

त्यांनी लिहिलं. फक्त शब्द जरा चांगले वापरले.

मग अध्यक्ष किट्टोसकडे वळले. तो चाकाशी बसला होता. "किट्टोस, आता थेरॉन झ्यूसचा मुलगा. चारचौघांत त्याने तुला बाबा म्हणायचं नाही. तूही त्याला पोरा म्हणायचं नाही. कबूल?"

थेरॉन ओरडला, "मला नको तुमचं वीरपण!"

किट्टोसने दाराबाहेर पाहिलं. घागरी घेऊन बायका उभ्या होत्या. "यांना पाणी मिळेल?"

"आजच्या आज."

"मग लिहा काय लिहायचं ते," किट्टोस म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं. चाकावरची माती तो नुसतीच फिरवत राहिला. तिचं काहीच झालं नाही.

दोर सुटला. पाणी आलं. गावात उत्सव झाला आणि भाटाने गाणं म्हटलं. गाण्यात रांजण नव्हते, थापीही नव्हती. थेरॉनच्या हातात वीज होती आणि अजगराची तोंडं मोजता येत नव्हती. चौकात पुतळा घडू लागला. त्याचं नाक सरळ होतं. किट्टोस गर्दीत मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता. थेरॉन व्यासपीठावरून त्याच्याकडे बघायचा आणि मान खाली घालायचा.

ल्यूकोनचा बैल अजून होता. म्हातारा झाला होता, पण भूक तरणी होती. आता तो देव झाला. त्याच्या गळ्यात हार पडले. तो कोणाच्याही परसात शिरायचा, काहीही खायचा आणि घरधनी वर नमस्कार करायचे.

एक दिवस बैलाला झऱ्याकाठची सावली आवडली. तो वाटेतच फतकल मारून बसला. बायका आल्या की शिंगं रोखायचा. बायका परत डोंगरापलीकडे जाऊ लागल्या.

"देव विसावलेत," फिलार्कोस म्हणाले. "दर आठवड्याला गाडीभर कोबी द्या. आम्ही पोचवू. सोबत एक बकराही द्या."

"बैल बकरा खातो?"

"बैल नाही खात. देव खातो."

गावकरी थेरॉनकडे गेले. पण थेरॉन काय करणार? बैलावर हात उगारला, तर तो बापावर हात उगारल्यासारखा. मंडळाने तसं बजावूनच ठेवलं होतं.

शेवटी मेलिट्टाने लंगडत लंगडत घागर उचलली, तेव्हा किट्टोसने कोपऱ्यातली काठी घेतली. "तू थांब," तो म्हणाला. "हा कोबीचोर मी बघतो."

सगळं गाव मागून निघालं. मंडळही निघालं. किट्टोस सरळ बैलापुढे जाऊन उभा राहिला. बैल उठला. त्याने डोकं खाली घातलं, जमीन उकरली आणि मुसंडी मारली.

"बाबा, सरका!"

थेरॉन गर्दीतून धावला. त्याने बापाला बाजूला ढकललं आणि दोघेही धुळीत आडवे झाले. बैलाची मुसंडी झाडावर बसली. तो गरगरला. किट्टोसने पडल्या पडल्या त्याच्या मागच्या पायावर एक काठी ठेवून दिली. "चल हट! घरी जा!" आणि बैल तोंड पाडून ल्यूकोनच्या गोठ्याकडे चालता झाला.

सगळं गाव थेरॉनकडे बघायला लागलं. ते बैलामुळे नव्हे. त्या हाकेमुळे.

फिलार्कोस पुढे आले. आवाज अगदी गोड होता. "थेरॉन, बाळा, आत्ता तू बाबा म्हणालास. बैलालाच म्हणालास ना? देवाला लागू नये म्हणून? तसं असेल तर काही बिघडलं नाही."

थेरॉनने बापाला उठवलं. त्याच्या अंगावरची धूळ झटकली.

"ह्यांना म्हणालो."

"नीट विचार कर. पुतळा कमरेपर्यंत आलाय."

"राहू द्या कमरेपर्यंत. हे माझे बाबा आहेत. किट्टोस कुंभार. मला दुसरे नकोत."

किट्टोसला रडू आलं. त्याने ते लपवलंही नाही. "पोरा," तो चारचौघांत म्हणाला, "पोरा, पोरा," आणि म्हणतच राहिला.

मंडळाची बैठक तिथेच, उभ्या उभ्या झाली. थेरॉनचं वीरपण रद्द. म्हणून त्याने अजगर मारला हेही रद्द. म्हणून अजगर पुन्हा जिवंत. मंडळाने लगेच वाटेवर दोर बांधला.

पण तोवर बायका दोराच्या पलीकडे पोचल्या होत्या. कोणी घागर बुडवत होतं, कोणी अजगराच्या कवटीवर लुगडं आपटत होतं.

"बाहेर या!" फिलार्कोस ओरडले. "आत अजगर आहे!"

"अगं बाई!" मेलिट्टा म्हणाली. "खरंच जिवंत आहे?"

"नियमाने जिवंत आहे."

"मग असे लांब उभे काय राहता? या आत आणि वाचवा आम्हाला."

मंडळाने दोराकडे पाहिलं. आत जावं, तर अजगर मेला असं होतं. न जावं, तर बायका पाणी भरतात. फिलार्कोसांनी एक पाय उचलला, थोडा वेळ तसाच धरला आणि होता तिथेच ठेवला.

"आणि बकरा आता तुम्ही आणू नका हो," मेलिट्टा म्हणाली. "तुमच्या जिवाला धोका नको. आम्हीच देऊ त्याला."

तेव्हापासून ड्रिओपी गाव झऱ्याचं पाणी पितं. वीरमंडळ मात्र नियमाचं पक्कं. ते घागरी घेऊन डोंगरापलीकडे जातं.

तात्पर्य: ज्याला पराक्रम करायचा असेल, त्याने जन्माआधीच बाप नीट निवडून घ्यावा. निवड चुकलीच, तर चारचौघांत बैलाला बाबा म्हणायची तयारी ठेवावी. तेही जमत नसेल, तर चौकात पुतळा व्हायची आशा सोडावी आणि आपलं साधं थंड पाणी पिऊन गप्प बसावं.