रंगाभाऊंचं ‘नको’

माझी बायको निर्मला मंगळवारी सकाळी गेली. तेरावं झालं, पाहुणे गेले आणि मी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. चहा आणि बिस्किटं बाहेरच्या खोलीत ठेवली होती. तेवढ्यावर दिवस निघत होता.

अशाच एका गुरुवारी रंगाभाऊ दारात येऊन उभे राहिले.

"ग्रंथपाल, उठा. माझी जेवायची अडचन झालीय."

ही अडचण काय ते आधी सांगायला हवं. रंगाभाऊंना भाकरी हवी का असं विचारलं की ते ‘नको’ म्हणतात. पुन्हा विचारलं की ‘छे छे, अजिबात नको’ म्हणतात. तिसऱ्यांदा ताटावर आडवा हात धरतात. चौथ्यांदा मात्र मान वाकडी करून, समोरच्यावर उपकार केल्यासारखं म्हणतात, "बरं, तुमच्या शब्दाखातर, अर्धी." लग्नाच्या पंगतीत हे शोभून दिसतं. रंगाभाऊ ते हॉटेलात करतात.

मिरजगावच्या एकाच शाळेत आमची नोकरी झाली. मी ग्रंथालयात, ते पी.टी.ला. शाळेत त्यांची शिट्टी वाजायची आणि लग्नसराईत त्यांचा आवाज. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर पंगत बसली की वाढपाची सूत्रं रंगाभाऊंकडे. धोतराचा काचा मारून बुंदीची परात घेऊन ते धावायला लागले की आडवे हात आपोआप बाजूला व्हायचे. एवढ्या लग्नांत वाढलं, पण स्वतःच्या लग्नाची पंगत तेवढी राहून गेली.

पुढे गावात बफे आला. रंगाभाऊ पहिल्याच बफेतून उपाशी परत आले. "हातात ताट घेऊन लायनीत हुबं राहायचं आन् पुढं सरकायचं. मी काय जेलात आलोय?" त्यानंतर ते लग्नांना जातात, अक्षता टाकतात आणि जेवायच्या वेळी निघून येतात.

तर त्या गुरुवारी ते मला हायवेवरच्या बबनच्या हॉटेलात घेऊन गेले. पत्र्याची शेड, चार बाकडी आणि बाहेर पाटी, ‘घरगुती जेवण’. शेवभाजी आली. पहिली भाकरी संपली. बबन आला.

"सर, भाकरी आनू?"

"नको."

बबन निघून गेला. रंगाभाऊ त्याच्या पाठीकडे बघत राहिले. पुढ्यात रस्सा निवत होता.

"गेला! एका ‘नको’वर गेला! ए बबन, बाहेर काय लिहिलंयस?"

"घरगुती जेवन."

"मग तुज्या घरी पावन्याला एकदाच इचारत्यात का?"

"सर, तुमी नको म्हनले."

"मी म्हननारच! तू का ऐकलंस?"

बबनने माझ्याकडे पाहिलं. मी रश्श्याकडे.

मग आग्रहाचं काम माझ्याकडे आलं. त्यालाही नियम होता. "आग्रह करनाऱ्यानं आदी आपल्या ताटात घ्यायचं. रिकाम्या ताटाचा आग्रह खोटा." मी म्हटलं, मला जेवण जात नाही. ते म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या, मी बी उपाशी उठतो," आणि खरोखरच उठायला लागले. मी चतकोर भाकरी घेतली. त्यांना चार वेळा विचारलं. त्यांनी अर्धी घेतली. पुढच्या अर्धीसाठी मला आणखी एक चतकोर.

हे दर गुरुवारी सुरू झालं.

रंगाभाऊ नुसतं जेवून थांबणारे नव्हेत. त्यांनी बबनला आग्रह शिकवायला घेतलं. बबनने पहिला प्रयोग एका ट्रक ड्रायव्हरवर केला. ड्रायव्हर ‘बास’ म्हणाला, तरी बबन म्हणतोय, "असं कसं, माज्या शब्दाखातर." ड्रायव्हरने भाकरी उचलून उजेडात धरली. "कालच्या खपवतो काय रे?"

दुसऱ्या एका गुरुवारी शेजारच्या बाकड्यावर एक तरुण आणि एक तरुणी गप्प जेवत होती. रंगाभाऊंना राहवेना. "नवीन दिसताय! अहो, घास भरवा की! सूनबाई, नाव घ्या!" मी त्यांचा सदरा ओढला, उपयोग झाला नाही. सूनबाईंनी वर बघितलं आणि शांतपणे सांगितलं की ते दोघं एका पतसंस्थेचे वसुली अधिकारी आहेत आणि जेवण झाल्यावर त्यांना बबनलाच भेटायचं आहे. बबन तेवढ्यात मागच्या दाराने मळ्यात गेला होता. त्या दिवशी आम्हाला आग्रहच काय, भाकरीसुद्धा मिळाली नाही.

‘नको’ ओळखायचं कसं, हेही त्यांनी मला शिकवलं. तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं. बोटं मिटलेली असली तर माणूस खरंच जेवलेला. बोटांत फट असली तर तो भुकेला. "तोंड लाजतं. बोटं लाजत न्हाईत." मग त्यांनी माझा ताटावरचा हात न्याहाळला, आणि त्यांचा आवाज उतरला. "तुमची बोटं लई घट्ट मिटल्यात, ग्रंथपाल."

एका गुरुवारी पेन्शनच्या कामासाठी मी नगरला गेलो होतो. परतीची एस.टी. उशिरा आली. धावतपळत हॉटेलात पोचलो, तर रंगाभाऊ भिंतीकडे तोंड करून बसले होते. पुढे ताट होतं. ते बोलत होते. समोर कुणी नव्हतं.

"घ्या रंगनाथराव, अर्धी घ्या."

"नको हो."

"असं कसं? घ्या."

"छे छे, अजिबात नको."

त्यांनी ताटावर आडवा हात धरला. दुसऱ्या हातात भाकरी होती. मी मोरीपाशी उभा राहिलो. चौथ्यांदा त्यांनी स्वतःला विचारलं आणि चौथ्यांदाही ‘नको’ म्हणाले. भाकरी टोपलीत परत गेली.

बबन माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "इतर दिवशी बी येत्यात, तुमी नसला की असंच. आमी आग्रह केला तर म्हनत्यात, तू धंद्यानं इचारतोस. उपाशी उठत्यात. आन् घरी तरी कोन हाय इचारायला?"

इतके दिवस मला वाटत होतं, ते मला जेवायला नेतात. अडचण खरोखरच त्यांचीही होती.

मी जाऊन समोर बसलो. टोपलीतली भाकरी घेऊन आधी माझ्या ताटात ठेवली. चतकोर नाही, आख्खी. मग त्यांना विचारलं. चार वेळा. चौथ्यांदा त्यांची मान वाकडी झाली.

"बरं, तुमच्या शब्दाखातर."

आम्ही जेवलो. माझी भाकरी संपली. तशी रंगाभाऊंनी टोपली उचलली आणि उभे राहिले. पॅंटला काचा मारता येत नाही, नाहीतर तोही मारला असता.

"ग्रंथपाल, भाकरी?"

"नको," मी म्हणालो आणि ताटावर हात धरला.

ते वाकले. चष्मा वर सरकवून माझ्या हाताकडे बघत राहिले. बाकड्यावरची माणसं जेवायची थांबली.

"फट हाय!" शाळेच्या मैदानात ऐकू जाईल अशा आवाजात रंगाभाऊ ओरडले. "बबन, फट हाय! गरम आन!"

मी खाली पाहिलं. मी काही मुद्दाम केलं नव्हतं.

आता गुरुवारी आम्ही बबनकडे जेवतो. इतर दिवशी मी घरी भात लावतो, पिठलं करतो. स्वयंपाकघराचं दार उघडं असतं. निर्मलाचा पाट भिंतीला टेकवून ठेवला आहे. कधी कधी संध्याकाळी रंगाभाऊ येतात. त्यांना चार वेळा विचारावं लागतं.