एकसष्ट टक्क्यांवरचा घातपात

‘निसर्गाने मला तीन गोष्टी दिल्या,’ मामा स्वतःची ओळख करून देताना सांगतो, ‘घारीची नजर, हत्तीची स्मरणशक्ती आणि मांजराची पावलं.’ यातली नजर गेल्या वर्षी मोतीबिंदू काढल्यापासून बरी आहे. स्मरणशक्तीचं म्हणाल तर कधीकधी या वाक्यात घार आणि हत्ती यांची अदलाबदल होते. आणि मांजराची पावलं जिन्याच्या पहिल्या पायरीवर पडली की आम्हाला तिसऱ्या मजल्यावर कळतं.

मामा बत्तीस वर्षं विजेचे मीटर वाचायचा. लोकांच्या जिन्याखाली वाकून बघायचा पगार मिळत होता, तेच काम निवृत्तीनंतर फुकट केलं तर बिघडलं कुठे, या विचाराने तो गुप्तहेर झाला. मी त्याची भाची, भौतिकशास्त्राची पदवीधर, एका प्रयोगशाळेत काचेच्या भिंगांची मापं घेते. उरलेल्या वेळात मी मामाची सहायक असते. हे पद मी मागितलेलं नाही.

प्रकरण माझ्या आईचं होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, आईच्या लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, कॉलनीच्या क्रीडादिनात सावकाश सायकलची शर्यत झाली. जी शेवटी पोचेल ती जिंकली, पाय टेकला की बाद. अंतिम फेरीत उरल्या दोघी, आई आणि तिची नणंद, म्हणजे माझी आत्या. पंच होते बाबा. नऊ मिनिटं दोघी जागच्या जागी डुगडुगत राहिल्या आणि मग बाबांनी शिट्टी वाजवून आईकडे बोट केलं, ‘टेकला!’

‘माझा पाय टेकला नव्हता,’ असं आई तेव्हा म्हणाली. त्यानंतर ती हे वाक्य दर सणासमारंभाला, दोन दवाखान्यांत आणि एकदा बँकेच्या रांगेत म्हणाली आहे.

त्या शर्यतीची व्हिडिओ कॅसेट यंदा माळ्यावर सापडली. रविवारी बाबांचा साठावा वाढदिवस होता, आत्या येणार होती. आईने मला बोलावून कॅसेट हातात दिली. ‘तुझ्या त्या एआयकडून हे स्वच्छ करून आण. वन्संना पडद्यावर पाय दाखवायचाय. हवेत.’

मी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. चित्रात दोन सायकली म्हणजे दोन कोळ्यांची जाळी दिसत होती आणि आईचा पाय म्हणजे चार राखाडी ठिपके. मग मी व्हिडिओ स्पष्ट करणारं एक सॉफ्टवेअर घेतलं. त्यात ‘स्पष्ट’, ‘अतिस्पष्ट’ आणि ‘परमस्पष्ट’ असे तीन पर्याय होते. कशात काय फरक, हे मात्र अस्पष्ट होतं.

‘आई, पायाचेच दहा सेकंद कापून घेऊ का? पटकन होईल.’

‘कापाकापी नको. वन्सं म्हणतील पुराव्यात छेडछाड केली. शिवाय शिट्टी नवव्या मिनिटाला झाली तरी माझा तोल कुठल्या मिनिटाला गेला, तेच ठरलेलं नाही. मी म्हणते चौथ्या, त्या म्हणतात सातव्या.’

नऊ मिनिटं म्हणजे साडेतेरा हजार चित्रं. आमच्या जुन्या यंत्राला एका चित्राला जवळजवळ तीन सेकंद लागत होते. सोमवारी सकाळी साडेनऊला काम सुरू करून मी प्रयोगशाळेत गेले. उरलेला वेळ पडद्यावर आधी ‘तीन तास’ दिसत होता, मग ‘सत्तेचाळीस दिवस’, मग ‘होतच आलंय’. संध्याकाळी परतले तर कॉम्प्युटर बंद. नोंदवहीच्या फाइलमध्ये शेवटची ओळ होती: एकसष्ट टक्के. अर्धवट झालेली फाइल उघडेना. जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करायची सोय सॉफ्टवेअरच्या महागड्या आवृत्तीत होती.

मंगळवारी पुन्हा साडेनऊला सुरू केलं. पुन्हा बंद. साठ टक्के.

‘खून!’ मामा म्हणाला. निवृत्त झाल्यापासून तो रोज चारच्या चहाला आमच्याकडे असतो, त्यामुळे प्रेत त्यानेच आधी पाहिलं होतं. ‘दोन्ही दिवशी मी खोलीत आलो, टेबलाशी खुर्चीत बसलो, विचारासाठी डोळे मिटले. उघडले तर पडदा काळा! माझ्या डोळ्यांदेखत!’

‘मिटलेल्या डोळ्यांदेखत,’ आई म्हणाली.

‘बाळे, तू चहा टाक. भाचेबाई, लिहून घे. पहिला संशयित, ग्राफिक्स कार्ड.’

बुधवारी दुपारी आम्ही कॉम्प्युटर उचलून कार्डांच्या दुकानात नेला. दुकानदाराने आमचं कार्ड दोन बोटांत असं धरलं, जसं कोणी मेलेलं झुरळ धरतं.

‘यावर एआय चालवताय? धाडस आहे.’

‘मग कोणतं घ्यावं?’ मी विचारलं.

‘आठ जीबीची मेमरी असलेलं घ्या. पण आठ पुरत नाही. बाराचं घ्या. पण बारा घेणारे सहा महिन्यांनी रडत येतात. सोळाचं घ्या.’

‘सोळावाले रडत येत नाहीत?’

‘येतात, पण हळू रडतात.’

मामाने भिंग काढून कार्डाचे पंखे तपासले. ‘याला मीटर कुठे असतो?’ दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

आम्ही सोळाचं घेतलं. ते कार्ड एवढं मोठं होतं, की डब्यात बसवायला दुकानदाराला एक पत्रा वाकवावा लागला. जुन्यापेक्षा ते कितीतरी वेगवान होतं, दुपारच्या आतच काम संपलं असतं. पण माणसाचा स्वभाव असा, की ताटात जागा दिसली की वाढून घेतो. मी ‘स्पष्ट’ सोडून ‘परमस्पष्ट’ निवडलं.

गुरुवारी चौऱ्याऐंशी टक्क्यांवर बंद.

‘विद्युतदाब!’ मामा म्हणाला. शुक्रवारी त्याने आमचा फ्रिज, पाण्याचा पंप आणि खालच्या मजल्यावरच्या शिंप्याची इस्त्री बंद करवली. शिंपी इस्त्री हातात घेऊन वर आला आणि दारातच मामाला म्हणाला, ‘अण्णा, नवरदेवाचा कोट आहे. सुरकुत्या राहिल्या तर तुम्ही घाला.’ त्याही दिवशी त्र्याऐंशी टक्क्यांवर बंद.

तोवर मामाने तिसरा सिद्धान्त मांडला होता, तोही कुजबुजत. ‘हेतू कुणाचा? निकाल उलटला तर तोंडघशी कोण पडेल? पंच! तुझे बाबा!’

‘बाबा दुपारी झोपलेले असतात.’

‘घोरण्याचं सोंग सगळ्यात सोपं.’

‘मामा, अठ्ठावीस वर्षं कोणी सोंग घोरत नाही.’

शुक्रवारी संध्याकाळी मी शांतपणे सगळे आकडे एका कागदावर मांडले. टक्के बदलले होते, कार्ड बदललं होतं, पर्याय बदलला होता. फक्त एक गोष्ट जागची हलली नव्हती. बंद पडायची वेळ चार वाजून सहा, चार वाजून चार, चार वाजून सात, चार वाजून पाच.

‘मामा, टक्क्यांचा काही संबंध नाही. रोज चार वाजता काहीतरी घडतंय.’

मामाचे डोळे चमकले. ‘हेच मी म्हणणार होतो! सांग, रोज चार वाजता या घरात कोण येतं?’

‘तू.’

‘मी सोडून.’

‘कोणी नाही.’

‘म्हणजे गुन्हेगार अदृश्य आहे,’ मामा म्हणाला आणि ते डायरीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

मला शंका आली होती, नाही असं नाही. पण चार वाजता मी घरी नसायचे, आणि प्रयोग न करता आपल्याच मामावर आरोप करणं शास्त्राला धरून नव्हतं. शनिवारी मी सुट्टी घेतली. सकाळी काम सुरू केलं आणि खोलीत ठाण मांडून बसले. पावणेचारला जिना वाजला. पण पावलं दोन माणसांची होती. मामाच्या मागून हातात बॅग घेऊन आत्या आली, एक दिवस आधीच.

‘वहिनी, सरप्राइज!’

आईचा चेहरा पडला. पडद्यावर अठ्ठावीस वर्षांपूर्वीची आत्या सायकलवर डुगडुगत होती.

‘हे काय?’ आत्याने विचारलं. आईने पडद्याकडे बोट केलं. आत्या हळूच म्हणाली, ‘अजून?’

‘अजून,’ आई म्हणाली.

‘बायांनो, तपासात व्यत्यय नको,’ मामा खुर्चीत टेकत म्हणाला. ‘चारला सात मिनिटं कमी आहेत. सगळ्यांनी नजर पडद्यावर खिळवा.’

आम्ही खिळवली. बाबाही जागे होऊन दारात उभे राहिले. आत्याने मात्र बॅगेतला चष्मा शोधण्यासाठी जमिनीवर बसकण मारली. मामाने चपला काढल्या, डोळे मिटले, पाय टेबलाखाली लांब केले.

चार वाजून पाच. पडदा काळा.

‘पाहिलंत? अदृश्य!’ मामा ओरडला.

‘अण्णा,’ जमिनीवरून आत्याचा आवाज आला, ‘पाय टेकला.’

आमच्या घरात या दोन शब्दांनंतर सगळ्यांची नजर आपोआप खाली जाते, तशी गेली. आम्ही सगळे वाकलो. टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा होता, त्याच्या पुढच्या बाजूला बंद-चालूचं गोल बटण, आणि त्या बटणावर मामाच्या उजव्या पायाचा अंगठा निवांत विसावला होता.

‘गार लागतं ते,’ मामा म्हणाला. ‘दिवसभर चालून आलं की बरं वाटतं.’ मग त्याने डायरी उघडली. ‘माझा कयास बरोबर होता. गुन्हेगार अदृश्य होता. टेबलाखाली.’

काम पुन्हा लावलं. मामाला दुसऱ्या खोलीत मांडी घालून बसवलं. रविवारी सकाळी पडद्यावर शंभर टक्के लिहिलेलं होतं.

आईने केस विंचरले, साडी बदलली आणि पडद्यासमोर येऊन बसली. मी चौथं मिनिट लावलं. गवताची पात न् पात दिसत होती. आईचा पायही स्वच्छ दिसत होता. त्याला सहा बोटं होती. पुढच्या चित्रात पाच, त्यापुढच्या चित्रात पाय आणि पेडल एकच झालेलं. सातव्या मिनिटाला चपलेला टाच फुटली आणि लगेच विरघळली.

‘हे काय?’ आई म्हणाली.

मला खरं सांगणं भाग होतं. ‘आई, ते शोधत नाही गं. अंदाज बांधतं. चार ठिपक्यांत जे नव्हतंच, ते त्याला कुठून सापडणार? या पायावरून टेकला असंही सिद्ध होत नाही, नाही टेकला असंही नाही.’

आई उठली. तिने पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, ‘असू दे. तुम्ही सगळ्यांनी खूप केलंत.’ हे तिने ओरडून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

‘थांब वहिनी,’ आत्या म्हणाली. ती पायाकडे बघतच नव्हती. तिने पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. ‘हा पांढऱ्या टोपीतला कोण?’

‘पंच. बाबा,’ मी म्हटलं.

‘मग मला याची पाठ का दिसतेय?’

मी मागे नेलं, पुढे नेलं. चौथ्या मिनिटापासून बाबांची पाठ शर्यतीकडे. पाचव्या मिनिटाला पाठ. नवव्या मिनिटाला प्रेक्षक उठून बाबांकडे हात हलवत होते, अहो पंच, इकडे बघा, असे. मग बाबा वळले, आणि वळता वळताच शिट्टी. मी मूळ कॅसेटही लावून पाहिली. त्या धुरकट चित्रातसुद्धा पाठ ती पाठच. पाठीला एआय लागत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं सगळ्यांचं लक्ष पायाकडे होतं, एवढंच.

‘दादा,’ आत्या म्हणाली.

‘अहो,’ आई म्हणाली.

बाबा सावकाश खाली बसले. ‘नऊ मिनिटं तुम्ही हलत नव्हता. मागे कोणाच्या तरी रेडिओवर मॅच चालू होती. वळलो तर सगळे ओरडतायत. मला वाटलं, कोणीतरी हरलंच असणार.’

‘मग मीच का?’

बाबांनी टक्कल खाजवलं. ‘आठ दिवसांनी हिचं लग्न होतं. ही जाणार, तू राहणार. म्हटलं, तुला समजवायला अख्खं आयुष्य आहे.’

‘मग समजावलंत कधी?’

‘सवड झाली नाही.’

आत्या आधी हसली. मग आई हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. ‘म्हणजे माझा पाय टेकला नव्हता.’

‘नव्हता, वहिनी. पण माझाही नव्हता.’

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दहा मिनिटांत शिंप्याकडून दोन सायकली आल्या. शेजारी गच्चीत जमले. बाबांना वाढदिवसाच्या नव्या सदऱ्यासकट रस्त्यावर पालथं झोपवलं, नजर टाचांच्या उंचीवर. मी रेषेवर उभी. पुरावा हवा म्हणून मामाच्या हातात माझा फोन दिला, आणि तो कोणाच्या पायात येऊ नये म्हणून त्याच्याभोवती खडूने गोल काढला.

चौपन्न वर्षांची आई आणि एक्कावन्न वर्षांची आत्या निघाल्या, म्हणजे निघाल्या नाहीत. एक मिनिट गेलं, दोन गेली. आई जीभ दातांत धरून हँडल इकडून तिकडे हलवत होती. चौथ्या मिनिटाला आत्याचं चाक वाळूवरून सरकलं, ती डावीकडे झुकली, आणि तिच्या चपलेने रस्त्याला एक स्पष्ट, परमस्पष्ट थाप दिली.

‘टेकला!’ बाबा जमिनीवरून गरजले. ‘हिचा! या डोळ्यांनी पाहिलं!’

गच्चीतून टाळ्या पडल्या. आईने तरीही पाय टेकवला नाही. ती रेषेपर्यंत तशीच डुगडुगत आली, आणि मगच उतरली.

‘दादाच्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही,’ आत्या अंगावरची धूळ झटकत म्हणाली. ‘व्हिडिओ दाखवा.’

मामाने ऐटीत फोन पुढे केला. साडेचार मिनिटांचं चित्रण होतं, वरच्या दर्जाचं, थरथर अजिबात नाही. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत मामाचं बोट होतं. बोटावरच्या रेषा मोजता येत होत्या.

‘पुरावा नाही,’ आत्या म्हणाली. ‘माझा पाय टेकला नव्हता.’

आईने सायकल स्टँडवर लावली, पदराने घाम टिपला आणि नणंदेच्या खांद्यावर हात ठेवला.

‘नसेल हो वन्सं,’ ती म्हणाली. ‘आता फक्त अठ्ठावीस वर्षं थांबायचं.’