बिराजदार सरांची घंटी

बिराजदार सर कॉलेजात लेडीज सायकलवरून यायचे. देह भारी, सायकल नाजूक, आणि तिला घंटी नाही. त्यामुळे भर रस्त्यात "सरका, सरका" असं ओरडत यायचे. घंटी त्यांनी काढून एका फळीवर बसवली होती आणि ती फळी वर्गात टेबलावर असायची.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. एम.ए. झालेल्या शिक्षकांसाठी सोलापुरात समुपदेशनाचा वर्षाचा डिप्लोमा निघाला होता. आम्ही पाच जण. मी कुर्डुवाडीहून गाडीनं यायची. पास झाले तर शाळेत मुलांच्या अडचणी ऐकायला मला वेगळी खोली मिळणार होती. नाहीतर पुन्हा सातवी ब.

सरांचा नियम एकच. समोरच्याचं ऐकायचं, त्याचंच म्हणणं त्याला परत ऐकवायचं, सल्ला द्यायचा नाही. दिला की ट्रिंग. "शिरलात की चपला घालून त्याच्या घरात," सर म्हणायचे. शेवटच्या प्रात्यक्षिकात एक जरी ट्रिंग झालं तरी नापास.

आता आमच्याकडं बसथांब्यावर पोटदुखीचं नुसतं नाव काढलं तरी चार जण चार औषधं सांगतात. तिथं आम्ही तोंड आवरणार कसं?

अडचण घेऊन येणारा माणूस सर स्वतःच व्हायचे. डोक्यावर टॉवेल घेऊन सासुरवाशीण, खांद्यावर घोंगडं टाकून सांगोल्याचा मेंढपाळ. "पोरगं साळंला जात न्हाय बगा. लई मारलं, तरी न्हाय."

आमच्यातले पाटील लगेच म्हणाले, "वसतिगृहात ठेवा."

ट्रिंग.

"बरं, मामाकडं ठेवा."

ट्रिंग. तास संपेपर्यंत पाटलांनी त्या पोराला मिलिटरीतसुद्धा धाडलं होतं.

सरांची ही परत ऐकवण्याची सवय वर्गाबाहेरही सुटत नसे. मंडईत भाजीवाली म्हणाली, "सर, वांगी घ्या की, ताजी हायती."

सर मान डोलावून म्हणाले, "म्हणजे तुम्हांला असं वाटतंय की वांगी ताजी आहेत."

तिनं टोपली पलीकडं ओढून घेतली. सर वांग्यांवाचून परत आले, पण खूश होते.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी माझा नंबर शेवटचा. बाकीचे चौघे निघून गेले होते. सरांनी ना टॉवेल घेतला, ना घोंगडं. स्वतःच्याच आवाजात म्हणाले, "मी मोडनिंबचा दुकानदार. मुलीला नर्स व्हायचं होतं. मी म्हणालो, ते काम आपल्या घरातल्या मुलीचं नव्हे. ऐकलं नाही तिनं. गेली मुंबईला. तीन वर्षं झाली, पत्र नाही."

"म्हणजे तुम्हांला तिची आठवण येते," मी शिकवल्याप्रमाणं म्हटलं.

"सायकल घेऊन दिली होती की तिला. कॉलेजला जायला."

माझी नजर घंटीवर गेली. कुठलं मोडनिंब आणि कुठला दुकानदार. सर स्वतःचंच सांगत होते. वर्षभर आमच्या सल्ल्यांवर वाजत होती ती घंटी त्यांच्या मुलीची होती.

मी गप्प बसायला हवं होतं. वेगळी खोली डोळ्यांसमोर दिसत होती. पण राहवेना.

"सर, तुम्हीच लिहा पत्र. आजच लिहा."

सरांचा हात घंटीकडं गेला. पण त्यांनी घंटी वाजवली नाही, तिच्यावर नुसता तळहात ठेवला. दुसऱ्या हातानं खिशातून एक आंतरदेशीय पत्र काढलं. खिशात राहून राहून मळलेलं, आणि कोरं.

"सुरुवात काय करू, कदमबाई?"

वर्षभराची सवय. तोंडातून निघूनच गेलं, "म्हणजे सर, तुम्हांला असं वाटतंय की…"

"ते राहू द्या आता," सर म्हणाले. "सांगा की सरळ. चपला घालूनच या."