गादी एकच मागवली होती

कॉम्प्युटरची जावा भाषा येणाऱ्या माणसाला जगात काहीच अवघड नाही, असं मी सकाळीच बायकोला ऐकवलं होतं! गाद्यांच्या दुकानासाठी ऑर्डरी नोंदवणारा प्रोग्राम मी एकट्याने लिहिला होता. मालक म्हणाले होते, "आज चालला तर नोकरी पक्की. नाहीतर उद्यापासून घरी झोपा!"

पहिली ऑर्डर माझीच. सासूबाईंची पाठ धरली होती. म्हटलं, एका गादीत दोन कामं! घरचा पत्ता घातला, बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं, 'फॉल्स'.

फॉल्स म्हणजे खोटं, म्हणजे फसलं! पुन्हा दाबलं. फॉल्स. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, दाबलं. एक स्वल्पविराम काढला, दाबलं. तो परत घातला, दाबलं. शेवटी डोळे मिटून दाबत सुटलो. फॉल्स, फॉल्स, फॉल्स! नोकरी गेली, मी मनाशी म्हणालो.

तेवढ्यात बायकोचा फोन. "अहो, गादी आली!"

"कशी येईल? ऑर्डर गेलीच नाही!"

"मग आई कशावर बसलीय?"

मला काही कळेना. गोदाम आमच्या मागच्याच गल्लीत, पण न गेलेली ऑर्डर पोचते कशी? पुन्हा फोन.

"अहो, गाद्या थांबेनात! दार लागत नाहीये!"

"सासूबाई कुठायत?"

"वर!"

"गच्चीत?"

"गाद्यांवर! नवी आली की मऊ आहे का बघायला चढते. आता पंखा बंद करावा लागलाय!"

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझा कोड वाचला आणि कपाळावर हात मारला. "अहो, फॉल्स म्हणजे फसलं नव्हे! दाखवायला माहितीचा तक्ता नाही, एवढंच ते सांगतंय. नोंद पडली का, ते कळायला नोंदवहीत किती ओळी बदलल्या तो आकडा वेगळा विचारावा लागतो. विचारलात?"

मी कशाला विचारतोय! आता तपासलं. दर दाबण्याला एक नोंद, अगदी इमानेइतबारे.

मालक आले ते थेट रिकाम्या गोदामातून. "चालला का प्रोग्राम?"

"चालला," मी म्हणालो. "जरा जास्तच."

त्यांनी नोंदींची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "नोकरी पक्की!"

मी खुर्चीतून उडालोच!

"त्या सगळ्या गाद्या विकून होईपर्यंत."

हे मी जिन्यात बसून लिहितोय, आत जागा नाही. सासूबाई म्हणतात, त्यांना जमिनीवरच झोप लागते. पण जमीन सापडत नाही. तुमच्या ओळखीत कुणाची पाठ दुखतेय का हो?