दगडूआबांची भाकर-चटणी

दगडूआबांची बंद मूठ दिसली की आमच्या नेकनूरची माणसं नाक धरूनच रामराम करतात. मुठीत शेणखत असतं. "घ्या वास, मास्तर. येतोय का काही?" नीट कुजलेल्या खताला घाण येत नाही, हे पटवल्याशिवाय आबा कुणाला पुढे जाऊ देत नाहीत. माझ्या पुतणीला पाहायला पाव्हणे आले, तेव्हा शेजारी म्हणून आबांनाही बोलावलं होतं. चहाच्या आधीच त्यांनी मुलाच्या बापापुढे मूठ धरली. त्या भल्या माणसाने वास घेतला आणि म्हणाला, "बेस हाय." आबांनी तिथल्या तिथे सोयरीक पास केली. मुलगा आम्ही नंतर पाहिला.

आबांचं गव्हाचं शास्त्र छोटं आहे. "शेणखत म्हंजी भाकर, युरिया म्हंजी चटणी. नुसत्या चटणीवर कुणी जेवतं का बे?"

हे शास्त्र तसं अलीकडचं. पूर्वी युरियाचं नाव काढलं तरी ते अंगावर यायचे. मुलाने, विलासने, स्टँडजवळ खताचं दुकान टाकलं तेव्हा बापलेकात असं वाजलं, की विलास बायकोला घेऊन दुकानामागच्या खोलीत राहायला गेला. बोलणं बंद झालं. आणि पुढच्याच हंगामात आबांना चटणीची चव लागली.

तेव्हापासून प्रत्येक पाण्याला थोडा युरिया. माझ्या मोटारसायकलवर मागे बसून जायचं, दुकानात "पाच किलो" एवढंच बोलायचं आणि सुनेने दिलेला चहा खाली मान घालून प्यायचा.

एकदा मी वैतागलो. "आबा, गोणीच नेऊ ना एकदम. घरून थोडाथोडा टाका."

"गोणी घरी आल्यावर इकडं यायला कारण काय सांगू, मास्तर?"

त्यानंतर मी पेट्रोलची कुरकूर केली नाही.

परवा आबा आत चहा पीत असताना माझं लक्ष काट्याकडे गेलं. चारवरच विलासने पिशवी बांधली. मी हळूच म्हणालो, "अरे, कमी भरलंय."

"माहीत हाय," तो म्हणाला. "पुरलं न्हाई तर लवकर येतेत."

घरी उतरल्यावर आबांनी पिशवी हातात तोलून पाहिली.

"कमी हाय," ते म्हणाले. "उद्या परत जावं लागंल." आणि लई खुशीत घरात गेले.