निमकर मॅडम टीसी देत नाहीत

आमच्या शाळेत निमकर मॅडमनी पहिल्या खेपेला कुणाला कागद दिला, असं अजून घडलेलं नाही. इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका व्हिलात आमची केजी ते चौथीची शाळा भरते. हॉलमध्ये असेंब्ली, गॅरेजमध्ये सायन्स लॅब आणि जिन्याखाली ऑफिस. त्या जिन्याखाली मॅडम बसतात.

"फाइल अपूर्ण आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फोटो नेऊन द्या, तर मागे निळा रंग हवा. निळा आणा, तर इतका निळा नको. चिडलेल्या बापाला त्या शांतपणे सांगतात, "हबीबी, मंडेला या. इन्शाल्ला होईल." कुठला मंडे, हे विचारायची सोय नाही. त्यात कुणी टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला मागितला, की मग बघायलाच नको.

माझ्या केजी टूच्या वर्गातल्या ईराच्या बाबांची नोकरी गेली. व्हिसा कॅन्सल, गुरुवारचं पुण्याचं विमान, आणि तिथली शाळा टीसीशिवाय नाव घालायला तयार नाही. मॅडमनी त्यांना तीन खेपा घालायला लावल्या. बुधवारी ते माझ्या वर्गाच्या दाराशी आले. "टीचर, प्लीज तुम्ही बोला त्यांच्याशी. उद्या फ्लाइट आहे आमची."

मी तणतणत खाली गेले. "मॅडम, द्या ना तो कागद. त्या माणसाच्या मागे आधीच काय कमी आहे?"

"फाइल अपूर्ण आहे. ग्रॅज्युएशनचा फोटो नाही."

आमच्याकडे पाच वर्षांची पोरं केजी टू संपवून 'ग्रॅज्युएट' होतात. काळा झगा, गोंड्याची टोपी. पोरगं अजून आकडे उलटे काढत असतं, पण आईबाप डॉक्टरेट मिळाल्यासारखे डोळे पुसतात.

"अहो, तो कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच. झगे आत्ता आलेत. ईराला बोलवा. यल्ला, चला लवकर."

जिन्याखालीच सोहळा झाला. प्रेक्षक म्हणून ईराचे बाबा, मी आणि आमची आया. मॅडमनी माइकसमोर उभं राहिल्यासारखं ईराचं पूर्ण नाव पुकारलं.

"मॅम, आय कान्ट सी," टोपीखालून ईरा म्हणाली. मॅडमनी टोपी मागे सारली, हात मिळवला, ईराच्या बाबांच्या मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि ड्रॉवरमधून टीसी काढून दिली. तिच्यावर सही होती, आणि तारीख तीन दिवसांपूर्वीची.

बापलेक गेल्यावर मी विचारलं, "मग तीन दिवस त्यांचा जीव टांगणीला का लावलात?"

"आधी सांगितलं असतं तर म्हणाले असते, ते राहू दे मॅडम, कागद द्या. मीसुद्धा तेच म्हणायचे." मॅडम झग्याची घडी घालत होत्या. "यांच्या बदल्या. मस्कत, दोहा, अल ऐन. माझ्या मुलीच्या पाच टीसी आहेत घरी, सगळ्या वेळेवर मिळालेल्या. परवा फोनवर विचारत होती, ममा, डू वी हॅव एनी स्कूल फोटोज?"

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, शोधते."

भांडायला आलेली मी पालकांच्या खुर्चीवर बसले आणि झग्याचं दुसरं टोक धरलं.